इंजिनिअरिंगच्या स्टुडंट सोसायटीची मेंबरशिप घ्यावी का? सोलापूरच्या पोरापोरींसाठी माझा रिव्ह्यू

ॲडमिशन झालेल्या ज्युनियर्सचे मेसेज सुरू झालेत, ताई सोसायटी जॉईन करू का, पाचशे रुपये वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी इलेक्ट्रिकलची, आता फायनल इयरला, मोहोळवरून अप-डाऊन करते आणि एसवायपासून आमच्या डिपार्टमेंटच्या सोसायटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मंडळात आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणी सांगतात ते थोड्याफार फरकानं असंच असतं. रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. आणि हे साडेतीन जवळजवळ सगळे एकाच गोष्टीचे आहेत, सोसायटी आपल्याला कॉलेजच्या गेटबाहेर, जिथं खरं काम चालतं तिथं घेऊन जाते.

आधी एक गोंधळ मिटवते. मेंबरशिप दोन प्रकारची असते आणि फॉर्म भरताना कुणी नीट सांगत नाही. एक आपल्या डिपार्टमेंटची लोकल सोसायटी, तिची फी कमी, कार्यक्रम इथलेच. दुसरी म्हणजे मोठ्या संस्थेचं स्टुडंट चॅप्टर, म्हणजे १९२० सालची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स, किंवा अमेरिकेतल्या दोन जुन्या संस्था एकत्र येऊन १९६३ ला झालेली इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची आयईईई, मेकॅनिकलवाल्यांसाठी एसएई, म्हणजे गाड्यांच्या इंजिनिअर्सची संस्था. यांची फी वेगळी आणि जास्त, बदल्यात मासिक, ऑनलाइन लेक्चर्स, स्पर्धांची एंट्री वगैरे मिळतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी फक्त लोकल घ्या. मोठ्या संस्थेचं कार्ड ज्याला स्पर्धेत उतरायचंय किंवा पेपर सादर करायचाय त्यानंच घ्यावं, नुसतं रेझ्युमेवर लिहायला घेऊ नये, इंटरव्ह्यूला तुम्ही तिथं काय केलं हे विचारतात आणि तिथं गप्प बसायची वेळ येते.

आता जे आवडलं ते. टीवायला असताना सोसायटीनं पूर्व भागातल्या एका पॉवरलूम कारखान्यात एनर्जी ऑडिटची, म्हणजे वीज कुठं किती जाते ते मोजायची प्रॅक्टिस ठेवली होती. आपण सोलापूरची पोरं, घरात चादर, टॉवेल सगळं इथलंच, पण माग चालू असताना आत उभं राहिलेले आमच्यातले फार थोडे. आवाज एवढा की शेजारच्याशीसुद्धा खुणेनं बोलावं लागतं, धोटा इकडून तिकडं पळतोय, वर जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे एकेक करून सरकतायत आणि खाली चादरीवर नक्षी उमटतेय. आम्हाला सीनियरनं टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजायचा चिमट्यासारखा मीटर हातात दिला आणि सांगितलं की एका वेळी एकच फेजची वायर जबड्यात घ्यायची, तिन्ही वायरी एकदम घेतल्या तर रीडिंग शून्याच्या आसपास येतं. पुस्तकात तीन फेजच्या करंटची बेरीज शून्य हे आम्ही दहा वेळा लिहिलं असेल, पण ते डोळ्यानं तिथं बघितलं.

मग पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामी येतो त्याचं प्रमाण. दहा किलोवॉटचा लोड ४१५ व्होल्टवर ०.७ पॉवर फॅक्टरला चालला तर साधारण २० अँपिअर करंट ओढतो, तोच कपॅसिटर लावून ०.९५ ला नेला तर साडेचौदाच्या आसपास येतो. वायर तापण्याचा लॉस करंटच्या वर्गात असतो त्यामुळे तो जवळपास निम्म्यावर येतो. हे ऐकून कारखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत होतो, लगेच म्हणाले, "मग कपॅसिटर बसवतो, बिल निम्मं होईल का बाळांनो?" आमच्या सीनियरनं तिथंच त्यांना सरळ सांगितलं की नाही मामा, मोटारीचं काम तेवढंच राहतंय त्यामुळे युनिट फारसे कमी होणार नाहीत, आणि कपॅसिटर मेन बोर्डाजवळ लावला तर बोर्डापासून मागापर्यंतच्या वायरीत करंट पहिल्याइतकाच राहतो, तिथं फरक हवा असेल तर मोटारीजवळ लावावा लागेल. तुमचं नुकसान जास्त होतंय ते ढिल्या बेल्टमुळं, माग बंद असताना मोकळ्या फिरणाऱ्या मोटारींमुळं आणि पुन्हा पुन्हा रिवाइंड केलेल्या जुन्या मोटारींमुळं. मामांनी एका मागाचा बेल्ट आमच्यासमोरच ओढून घेतला आणि पुन्हा रीडिंग घ्यायला लावलं. मला ती गोष्ट फार महत्त्वाची वाटते, की समोरच्या माणसाचे पैसे जाणार असतात तेव्हा इंजिनिअरनं आवडेल ते न सांगता खरं ते सांगायचं, आणि हे आम्हाला सर नसताना, आमच्याच कॉलेजच्या पोरानं करून दाखवलं.

व्हिजिटचं पण तसंच आहे. फताटेवाडीच्या एनटीपीसीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटची दोन युनिट आहेत, असा प्लांट आपल्या गावाजवळ आहे पण एकट्या स्टुडंटला आत कोण सोडणार? लेटरहेड, सरांची सही, आधारच्या झेरॉक्स, सेफ्टी शूजची जुळवाजुळव हे सगळं सोसायटी करते. चिंचोळी एमआयडीसीत आणि अक्कलकोट रोडला पण ओळखी याच मार्गानं होतात, आमच्या दोघांची इंटर्नशिप अशीच लागली. मेकॅनिकलवाल्यांना एसएईच्या बाजा स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावर चालणारी छोटी गाडी करायला मिळते, सगळ्या टीमना इंजिन एकाच प्रकारचं असतं त्यामुळे वजन, सस्पेन्शन आणि वेल्डिंगमध्येच कस लागतो. ते रात्री वर्कशॉपमध्ये काय मेहनत घेतात ते बघून या एकदा.

आता दीड स्टार कुठं कापला ते.

१५ सप्टेंबरचा इंजिनिअर्स डे. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण, परत दुसऱ्या पाहुण्यांचं भाषण आणि अर्धा दिवस संपला. ज्या माणसानं १९०३ साली खडकवासल्याला पाणी वाढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले त्यांच्या त्या दरवाज्यावर एक शब्द नाही. आपलं पिण्याचं पाणी उजनीवरून येतं, नळाला रोज येत नाही, त्या पंपिंगवर आणि पाइपलाइनवर माहितगार माणसाला बोलवा, हॉल भरेल.

दुसरं, मुलींना काम काय देतात तर अँकरिंग, रांगोळी आणि पाहुण्यांना गुच्छ. मी आणि माझ्या मैत्रिणीनं भांडून टेक्निकल टीममध्ये जागा घेतली, टाँग टेस्टर हातात आला तो त्यामुळेच. ज्युनियर मुलींनो, पहिल्या मीटिंगलाच स्पष्ट सांगा की मला इन्स्ट्रुमेंटवर काम करायचंय. एकदा रांगोळीच्या यादीत नाव गेलं की तीन वर्षं तिथंच राहतं.

तिसरं, वेळ. वर्कशॉप संध्याकाळी पाचला सुरू करतात, हॉस्टेलवाल्यांना काही वाटत नाही पण मोहोळ, बार्शी, अक्कलकोटच्या पोरांनी एसटी कधी धरायची? पुणे नाक्यावर अंधारात उभं राहणं घरच्यांना पटत नाही आणि मग गावाकडची पोरं हळूहळू गळतात, खरं तर ज्यांच्या घरात कुणीच इंजिनिअर नाही अशा याच पोरांना सोसायटीची सगळ्यात जास्त गरज असते. शनिवारी सकाळी ठेवा की. आणि कृपा करून जानेवारीत गड्ड्याच्या आठवड्यात काहीच ठेवू नका, सिद्धेश्वराची यात्रा सोडून सोलापूरचं कोण येणार आहे सेमिनारला?

हिशोबाचं पण बोलते. ट्रेझरर होणं चांगलं काम आहे, तीन कोटेशन मागवणं, जीएसटीचं बिल घेणं, स्पॉन्सरकडं जाऊन बोलणं हे तिथंच शिकायला मिळतं. पण वर्षाअखेर पैसे कुठं गेले हे मेंबरना दाखवलं पाहिजे, आमच्याकडं मागितल्यावर दाखवलं, न मागता कधीच नाही.

तर फी भरायच्या आधी कमिटीला दोनच गोष्टी विचारा, गेल्या वर्षी कॉलेजबाहेर कुठं कुठं गेलात आणि एसवायच्या पोरांना हातात काय दिलं. धड उत्तर मिळालं तर भरा, आणि पावती घेऊन ठेवा, व्हिजिटच्या यादीत नाव घालताना तीच बघतात.