कर्ज मंजूर ८०,०००, हातात शून्य, वर २२,१५९ गेले

मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची फी भरायची मुदत संपत आली होती. पतसंस्थेचा जामीनदार ऐनवेळी फिरला, सोनं आधीच गहाण. अशा वेळी मोबाइलवर झटपट कर्जाची जाहिरात दिसली आणि मी अर्ज केला. यावर मला कुणी शहाणपण शिकवू नये.

८०,००० मंजूर. ॲपमध्ये माझ्या नावापुढे आकडा दिसतोय, खाली 'पैसे काढा' असं बटण. आधी प्रोसेसिंग फी १,९९९. मग कर्जाचा विमा ४,१६०, "मॅडम, हे रिफंडेबल आहे." दोन्ही भरले. बटण दाबलं तर 'खाते क्रमांक चुकीचा, रक्कम गोठवली'. मी पासबुक समोर ठेवून एकेक आकडा तपासून भरला होता! ॲपमध्ये शेवटून तिसरा ६ होता, त्याचा ८ झालेला. तो त्यांनीच बदलला, आणि फोनवरचा माणूस मलाच दरडावतोय: रिझर्व्ह बँकेने पैसे अडवलेत, २० टक्के भरा, नाहीतर केस होईल. सोबत शिक्का मारलेलं पत्र.

१६,००० भरताना क्यूआर स्कॅन केला, तर पडद्यावर कंपनीचं नावच नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं. पिन टाकायच्या आधी ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं. हे आठवलं की अजून अंगाची लाही होते. मी विचारलंही होतं. "आमचं कलेक्शन अकाउंट आहे," म्हणाला. तोवर ६,१५९ अडकलेले, आणि फी भरायला एकच दिवस उरलेला. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

पुढची मागणी मंजूर रकमेवर १८ टक्के जीएसटी, १४,४००. मी दुकानाची बिलं करते. जीएसटी फीवर लागतो, कर्जाच्या मुद्दलावर नाही. तिथे मी थांबले.

मग सुरू झाली खरी वरात. बँकेत गेले तर, "पिन तुम्हीच टाकलात ना?" सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागता लागेना, लागला तेव्हा तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात जायला सांगितलं. ठाण्यात, "ताई, शिकलेल्या दिसता, तरी कशा फसलात?" एफआयआर नाही, नुसता अर्ज घेतला. सायबरवाले म्हणतात ठाण्यात जा, ठाणं म्हणतं सायबरकडे जा. समोरच्या खात्यात थोडे पैसे गोठवलेत म्हणे. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा! ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं, हे एकाही साहेबाने सांगितलं नाही. चोराचा खाते क्रमांक मी हातात दिलाय, आणि प्रश्न मात्र मलाच.

कर्ज देण्याआधी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे रक्कम कर्ज देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवी, आणि सगळा खर्च आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये लेखी हवा. ॲपमधला आकडा म्हणजे कर्ज नव्हे. रिझर्व्ह बँक कुणाचं कर्ज अडवत नाही की सोडवायचे पैसे घेत नाही. कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागणारं ॲप काढूनच टाका. पैसे गेले तर १९३० ला त्याच तासात फोन करा, बँकेच्या रांगेत नंतर उभे राहा.

आता 'हप्ता थकला' म्हणून माझ्या भावाला आणि मुलीच्या क्लासच्या बाईंना मेसेज जातायत. खात्यात एक रुपया न आलेल्या कर्जाचा हप्ता! तुम्हालाही असे मेसेज आले तर एक पैसा देऊ नका. स्क्रीनशॉट काढून त्याच तक्रार क्रमांकाला जोडा, आणि तुमच्या नावावर खरंच कर्ज चढलंय का, हे वर्षातून एकदा फुकट मिळणाऱ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये लगेच बघा.