बर्फाचं सामान: पुण्यात घ्यायचं, तिथे भाड्याने घ्यायचं, की न्यायचंच नाही?

काश्मीरमधलं गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग नाहीतर उत्तराखंडातला केदारकंठ्याचा ट्रेक, कुठलीही तिकिटं निघाली की पुणेकराची पहिली खरेदी ठरलेली असते: जाडजूड जॅकेट. बजेटचा मोठा भाग तिथेच संपतो आणि मोजे-हातमोजे शेवटच्या दिवशी हाताला लागतील ते उचलले जातात. व्हायला हवं बरोबर उलटं. जॅकेट भाड्याचं चालतं. बूट, पायमोजे आणि हातमोजे स्वतःचे हवेत. स्की आणि स्कीचे बूट तिथे जाऊनच भाड्याने घ्यावेत. आणि रस्त्याकडेला टांगलेले गमबूट दुकानदाराकडेच राहू द्यावेत.

पुण्याची थंडी पहाटेची. पारा ८-१० अंशांवर उतरला तरी नऊ वाजता ऊन आलं की स्वेटर कमरेला बांधला जातो. बर्फातली थंडी खालून येते, तळव्यातून. शिवाय ती ओल घेऊन येते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगाला जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेऊन सोडतो. सिंहगडाच्या तिप्पट उंची. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश धरले तर खालच्या हॉटेलपेक्षा वर आठेक अंश कमी, वारा वेगळाच. अंगावरचा थर कमी पडला तर आणखी एक चढवता येतो. बुटात पाणी शिरलं की दिवस संपला.

आधी गमबुटांचं पाहू. टंगमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाट. बर्फ साचला की चाकांना चेन न लावलेल्या गाड्या खालीच थांबवतात, स्थानिक गाडी करावी लागते, आणि नेमकी तिथेच भाड्याच्या बूट-कोटांची दुकानं असतात. मनालीहून सोलंगकडे जातानाही तेच. तिथे दुकानांना नंबर असतात आणि ड्रायव्हर ठरावीक नंबरपुढेच गाडी उभी करतो. का, ते पुणेकराला सांगायला नको. ‘याच्याशिवाय वर सोडत नाहीत’ असं सांगितलं जातं, पण स्वतःचे घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट पायात असतील तर गमबुटांची गरज नसते.

गमबुटात पाणी बाहेरून येत नाही हे खरं, पण पायाचा घाम बाहेरही जात नाही. तासाभरात मोजा आतूनच ओला होतो. रबराखाली उष्णता अडवणारा थर नसतो. थंडीत स्वस्त रबर कडक होतं आणि दाबलेल्या बर्फावर साबणासारखं सरकतं. पिंढरीपाशी तोंड उघडं असल्याने गुडघाभर बर्फात पाय रुतला की बर्फ सरळ आत. त्यात कालच्या गिऱ्हाईकाने ओलं केलेलं अस्तर रात्रीत वाळलेलं नसतं. नाइलाजाने घ्यायचेच झाले तर वर्तमानपत्राचा एक चुरगळा बुटाच्या टोकापर्यंत सारा, दोन मिनिटांनी काढा. कागद दमट लागला तर दुसरा जोड मागा. घातल्यावर टाच वर उचलून पाहा. बोटभरापेक्षा जास्त सुटत असेल तर उतारावर पाय बुटात पुढे घसरत राहणार आणि बोटं सोलवटणार.

स्वतःचे बूट पुण्यातच घ्यावेत, निघण्याच्या निदान महिनाभर आधी. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. घालणार तोच जाड मोजा सोबत न्या. लेस सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं आणि लेस बांधल्यावर पुढची बोटं मोकळी हलायला हवीत. बर्फात घट्ट बूट म्हणजे गार पाय, कारण रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. दोन-दोन मोजे घालून बूट गच्च भरणाऱ्यांचे पाय लवकर गारठतात ते याचमुळे. घरी आणल्यावर बाथरूममध्ये बादलीभर पाण्यात घोट्याखालपर्यंत बूट बुडवून दहा मिनिटं उभे राहा. कुठे ओल लागते ते इथेच कळतं, आणि बिल अजून खिशात असतं. मग आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड दोन-तीनदा. फोड यायचे असतील तर ते इथे येऊ द्यावेत.

आता माळ्यावरच्या बुटांचं. पाच-सहा वर्षांपूर्वी हिमालयासाठी घेतलेले, चारदा वापरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले, वरून नव्यासारखे दिसणारे बूट. पुण्याच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा तळव्यातल्या पॉलियुरेथेनच्या थराला आतल्या आत खात असतो. पडून राहिलेल्या बुटांना तर फारच. त्याचा पुरावा मिळतो बर्फातल्या पहिल्या दिवशी: तळवा अखंड निघून मागे राहतो आणि आतला थर बिस्किटासारखा भुगा होऊन पडतो. चांभार तो शिवू शकत नाही, कारण सुई धरायला काही उरलेलंच नसतं. गोंदही भुग्याला चिकटतो, बुटाला नाही. ओळखायचं कसं? वरचा भाग आणि खालचं काळं रबर यांच्या मधल्या पट्टीत अंगठ्याचं नख दाबा. भेग पडली, पूड आली किंवा खड्डा तसाच राहिला तर ते बूट घरीच राहू देत. इव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा तळवा असा विरघळत नाही, तो फक्त दबून चपटा होतो. घेताना दुकानदाराला हे विचारलं तर तो जरा चमकतो, पण विचारावं.

मोजे लोकरीचे किंवा लोकर-नायलॉन मिश्र, तीन जोड. त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, तो कितीही मोह झाला तरी दिवसा घालायचा नाही. ओले बूट रात्री बुखारीला (खोलीतल्या शेगडीला) किंवा हीटरला चिकटवून ठेवू नयेत, सांध्याचा गोंद सुटतो. आतलं तळपान बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. दोन-तीन फेऱ्यांत बरीच ओल उतरते.

हातमोज्यांत लोकरीचे विणलेले मोजे दिसायला छान, बर्फात अगदी कुचकामी. बर्फाचे दाणे लोकरीत अडकतात, वितळतात, मग पुन्हा गोठतात. ॲक्टिवावरचे हातमोजे वारा अडवतात, पाणी नाही. पातळ फ्लीसचा आतला मोजा आणि त्यावर वॉटरप्रूफ बाहेरचा, अशी जोडी घ्या. फोटो काढायला किंवा जॅकेटची चेन लावायला बाहेरचा काढला तरी हात उघडा पडत नाही. लहान मुलांना पाच बोटांपेक्षा एक अंगठा आणि बाकी बोटं एकत्र असणारा मोजा जास्त ऊब देतो. मनगटाला दोरी हवीच. गोंडोल्याच्या रांगेत एक हातमोजा हरवणं ही नेहमीची गोष्ट.

आतल्या थर्मलवर फार पैसे घालवू नयेत. पॉलिस्टरचे साधे दोन जोड पुरतात, मेरिनो लोकर परवडली तर उत्तम, वास कमी येतो. मात्र आत सुती बनियन घालून वरून थर्मल चढवायची आपली जी सवय आहे ती थर्मलचे सगळे पैसे वाया घालवते. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि तोच ओला थर दिवसभर अंगाला चिकटून राहतो. थर्मल थेट अंगावर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. जीन्सचं तेच, एकदा बर्फात बसलं की वाळत नाही. स्कूटीवर बांधतात तो सुती स्कार्फ तोंडावर गुंडाळला तर श्वासाच्या वाफेने ओला होऊन अर्ध्या तासात गारेगार होतो; त्यापेक्षा पॉलिस्टरची गळपट्टी. डोक्याला माकडटोपी. तिची थट्टा करणारेच तिथे पोचल्यावर पहिल्यांदा मागतात.

जॅकेट भाड्याने घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे ते पिशवीत दाबून ठेवलेलं असतं. मुठीत आवळून सोडा. पिसांचं जॅकेट दोन-तीन मिनिटांत फुगून वर यायला हवं. उजेडाकडे धरून पाहा, एखादा कप्पा रिकामा झाला असेल तर तिथून प्रकाश येतो, आणि नेमका खांद्यावरचाच कप्पा रिकामा असतो. पिसं भिजली की बसतात आणि ऊब देत नाहीत, त्यामुळे ओला बर्फ पडत असताना पॉलिस्टर भरलेलं जॅकेट जास्त भरवशाचं. लेबलवर कापड किती पाणी अडवतं त्याचा आकडा असेल तर १०,००० मिलिमीटरच्या आसपासचा घ्या. २,००० चा थर बर्फात बसल्यावर झिरपतो. सहा दिवसांचं भाडं नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल तर विकत घेतलेलं बरं. चेन दोनदा वरखाली करा, डागांचे फोटो काढा, अनामत रकमेची पावती मागा.

गॉगल फॅशनचा नको. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे टोपीने काही होत नाही, किरण खालून येतात. यूव्ही ४०० लिहिलेला, कडेने बंद असणारा घ्यावा. डोळे भाजल्याचं लगेच समजत नाही. काही तासांनी, बहुतेकदा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावायचं ते याच कारणाने.

केदारकंठ्याला जाणाऱ्यांसाठी दोन वस्तू आणखी. गेटर, म्हणजे बुटावरून पिंढरीपर्यंत बांधायचं आवरण, बुटाच्या तोंडावरून बर्फ आत जाऊ देत नाही. बक्कल बाहेरच्या बाजूला, पुढचा हूक लेसमध्ये, पट्टा तळव्याखालून. उलटा बांधला तर बक्कल बक्कलात अडकून माणूस तोंडावर पडतो. आणि मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर रबराने ओढून बसवायचे स्टीलचे दात. दाबलेल्या, गोठलेल्या वाटेवर कितीही महाग तळवा धरत नाही, स्टीलचे दातच धरतात. ट्रेक नेणारे ते देतात, पण ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांक्री गावातून निघायच्या आधी आपल्या बुटांवर चढवून पाहा. रबर ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या तर बदलून मागा. मोठ्या बुटांवर लहान आकार ओढून बसवला की ते वाटेत तुटतं.

स्कीचं सामान पुण्यातून न्यायचा विचारही करू नये. गुलमर्गला भाड्याने मिळतं, केंद्राच्या पर्यटन खात्याची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थाही तिथेच आहे. भाड्याच्या सामानाचा दर्जा दुकानागणिक बदलतो, म्हणून तपासणी आपणच करायची. स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधली लांबी, त्यामुळे घरीच भिंतीला टाच टेकवून मोजून ठेवा. नवख्याला आरामशीर म्हणून मोठा बूट दिला जातो आणि मग टाच आत उचलली जाते, पाय वळतो पण स्की वळत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकावीत, गुडघे वाकवले की ती सुटावीत. आत मोजा एकच, आणि थर्मलची कड बुटाच्या वर ओढलेली. ती आत दुमडली की नडगीवर वळ उठतो आणि दुपारपर्यंत चालणं मुश्कील. बकलं लावायच्या आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा; खालची सैल, वरची दोन घट्ट.

स्कीची लांबी शिकणाऱ्याला हनुवटी ते नाक. स्कीची कड बोथट असेल तर कडक बर्फावर थांबताच येत नाही: नख कडेवर आडवं ओढा, पांढरी पूड निघाली तर धार आहे. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यावर, एक आकडा असतो. तो तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून लावायचा असतो, आधीच्या माणसाचा तसाच ठेवायचा नसतो. आकडा जास्त राहिला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळतो. कमी राहिला तर प्रत्येक वळणाला सुटते. बूट बाइंडिंगमध्ये बसत नसेल तर दहातल्या नऊ वेळा ते बिघडलेलं नसतं, बुटाखाली बर्फाचा गोळा असतो. काठीने खरवडा, आधी पुढचं टोक, मग टाच खाली दाबा.

गोंडोल्याचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं. पण दुसरा टप्पा वाऱ्यामुळे कधीकधी बंद राहतो, आणि हे सकाळीच कळतं, म्हणून गुलमर्गला एकच रात्र ठेवणाऱ्याने वर जायचं गृहीत धरू नये. फोन पोस्टपेड हवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. पॉवरबँक विमानात हातातल्या बॅगेत आणि बर्फात जॅकेटच्या आतल्या खिशात. गारठलेली बॅटरी तीस टक्क्यांवरूनही एकदम बंद पडते.

परत आल्यावर जॅकेट हँगरला मोकळं लटकवा, दाबून पिशवीत नको. बूट धुऊन, सावलीत दोन दिवस वाळवून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवा आणि पावसाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा तरी घालून पर्वतीच्या पायऱ्या चढून या.