इवाटा एक्लिप्स एचपी-सीएस: पोस्टरकामासाठी एअरब्रश

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी पोस्टर करणारे अब्राम गेम्स (१९१४–१९९६) युद्धानंतरही कमर्शियल आर्टिस्ट म्हणूनच जगले. १९५१च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’चं बोधचिन्ह त्यांचंच. त्यांच्या पोस्टरमधली मऊ उतरती छटा एअरब्रशची, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाची. तसं काम आज हाताने करायचं असेल, तर इवाटा कंपनीचा हा एक्लिप्स एचपी-सीएस मनापासून सुचवावासा वाटतो.

नोझल, म्हणजे रंग बाहेर पडतो ते टोक, ०.३५ मिमी; रंगाची वाटी वरच्या बाजूला. ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. थांबताना आधी रंग बंद करा, मग हवा. उलट केलंत तर पुढच्या फवाऱ्याला थेंब उडून तयार छटा खराब होते.

नोझलला आटे नाहीत, ते नुसतं जागेवर बसतं. सफाईत पाना लावून आटे तुटण्याची भीतीच नाही. हा याचा सर्वांत मोठा गुण. मात्र नोझल काढण्याआधी त्यातून रंग सोडणारी-अडवणारी आतली सुई मागे घ्या आणि ती परत घालताना रेटू नका, नोझलचं तोंड फाकतं.

गुआश (अपारदर्शक जलरंग) दुधाइतका पातळ करून गाळून घ्या. हवेचा २० ते २५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर सुकतं, म्हणून टोक अधूनमधून ओल्या ब्रशने पुसा. वाटीत बुडबुडे आले तर नोझल तुंबलंय किंवा पुढची टोपी सैल आहे.

केसासारख्या बारीक रेषांसाठी मात्र ०.२ मिमी नोझलचा वेगळा एअरब्रश घ्या.