२८ लिटरचा ओटीजी आणि चार तंगड्या

कोंबडी आणि तिच्यासोबत त्याच ट्रेमध्ये भाजलेले बटाटे, गाजरे, कांदे असे रात्रीचे जेवण घरी करता यावे, एवढ्याच हेतूने मी गेल्या दिवाळीनंतर २८ लिटर क्षमतेचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर, ग्रिल असे तिन्ही असलेला विजेचा छोटा ओव्हन) घेतला. केक, बिस्किटे आणि नानकटाईसाठी हे यंत्र कसे आहे याविषयी पुष्कळ वाचायला मिळते. मांस भाजण्याच्या दृष्टीने त्याचा विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो, म्हणून वर्षभराच्या वापरानंतर हे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

पहिली अडचण यंत्र सुरू करण्याआधीच आली. ओटीजी १,६०० वॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला तो सुमारे ७ अँपिअर वीज ओढतो आणि ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तो चालवता येत नाही. दुकानात हे कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये १६ अँपिअरचा एकच मोकळा पॉइंट आहे आणि तो वॉशिंग मशीनपाशी आहे, त्यामुळे इलेक्ट्रिशियन येऊन ओट्याजवळ नवा पॉइंट काढून देईपर्यंत खोके चार दिवस हॉलमध्ये पडून होते.

खोक्यावर लिटरचा आकडा ठळक छापलेला असतो, पण भाजण्याच्या कामात त्याला फारसा अर्थ नाही. खरे माप ट्रेचे, आणि माझ्या यंत्राचा ट्रे आतून ३३ बाय २७ सेंटिमीटर आहे. ‘पाच-सहा जणांच्या कुटुंबासाठी’ या ओळीवर विश्वास ठेवून पहिल्या रविवारी मी सव्वा किलो कोंबडी, अर्धा किलो बटाटे आणि एक अख्खा फ्लॉवर त्या ट्रेमध्ये कोंबला. तासाभराने दार उघडले तेव्हा ट्रेमध्ये बोटभर पाणी साचले होते आणि त्यात पांढुरके तुकडे बसले होते. तुकडे एकमेकांना चिकटले की त्यांतून सुटलेली वाफ निघून जात नाही, आणि जोवर पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. भाजल्याचा तांबूस रंग आणि खमंग वास यायला तो पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण १४० अंशांच्या पुढे जावा लागतो. मी भाजत नव्हतो, उकडत होतो. शेवटी त्या सगळ्याचा रस्सा केला आणि तो, प्रामाणिकपणे सांगायचे तर, उत्तम झाला.

तेव्हापासून ट्रेची मर्यादा ठरवून टाकली आहे: मांडीसकट चार तंगड्या, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम, आणि अर्धा किलो भाज्या, तीही एकाच थरात आणि मध्ये बोटभर जागा सोडून. चार माणसांचे जेवण यात व्यवस्थित होते. पाहुणे असतील तर दोन घाणे काढावे लागतात, आणि दुसरा घाणा होईपर्यंत पहिला गार होतो, ही या यंत्राची खरी उणीव आहे.

दुसरी खोड थर्मोस्टॅटची. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर वेगळा आणून पाहिला, तेव्हा बटण २०० वर असताना आतले तापमान १७५ ते १८५ च्या दरम्यान फिरत होते आणि डाव्या कोपऱ्यात मागच्या बाजूला ते त्याहून बरेच जास्त होते. सळ्या तापतात, बंद होतात, पुन्हा तापतात. त्यामुळे थोडी चढउतार गृहीतच धरायला हवी. पण आमच्याकडे रात्री आठच्या सुमारास व्होल्टेज उतरते, आणि त्याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण सळीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले की १,६०० वॅटचे यंत्र जेमतेम १,२०० वॅटचे उरते. माहितीपुस्तिकेत दहा मिनिटे आधी तापवायला सांगितले आहे. मी वीस मिनिटे तापवतो, बटण २२० वर ठेवतो आणि अर्ध्या वेळाने ट्रे फिरवून घेतो.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. आपल्याकडे चिकनवाले विचारल्याशिवाय कातडी काढून टाकतात, पण भाजण्यासाठी ती हवीच. आमचे दुकानदार पहिल्यांदा ‘साहेब, कातडी कशाला?’ म्हणाले होते, आता स्वतःहून ठेवतात. तंगड्यांना आदल्या रात्री मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण चोळून त्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उघड्याच ताटात फ्रिजमध्ये ठेवाव्यात. कातडी कागदासारखी कोरडी होते आणि मग ती कुरकुरीत भाजली जाते. दह्याचे मॅरिनेशन चवीला चांगले असले तरी त्यातले पाणी आधी आटावे लागते, आणि एवढ्या लहान ओव्हनमध्ये तेवढ्या वेळात मांस कोरडे पडते. भाज्या तेल-मीठ लावून पंधरा मिनिटे आधी भाजाव्यात, मग त्यांच्यामध्ये जागा करून तंगड्या ठेवाव्यात आणि चाळीस मिनिटे द्यावीत. शेवटची पाच मिनिटे फक्त वरच्या सळ्या लावाव्यात आणि तिथून हलू नये. कोंबडी ७४ अंशांना खाण्यास सुरक्षित होते, पण तंगडीचे मांस हाडापासून सुटायला आतले तापमान ८० च्या पुढे गेलेले चांगले.

भाज्यांमध्ये बटाटे आठ मिनिटे मिठाच्या पाण्यात उकळून, निथळून, भांड्यातच थोडे हलवून त्यांच्या कडा खरखरीत करून घ्याव्यात. कोंबडीची सुटलेली चरबी त्या कडांमध्ये मुरते. हिवाळ्यातली लाल गाजरे गोड असल्यामुळे लवकर करपतात, म्हणून ती जाड कापावीत. कांद्याच्या बाबतीत नाशिककराला निवड आहे, आणि ती करण्यासारखी आहे. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त असते, तो ट्रेमध्ये सैल पडतो. उन्हाळ कांदा घट्ट आणि टिकाऊ, मुळाकडचा भाग न कापता त्याच्या चार फोडी केल्या की पाकळ्या सुटत नाहीत, कडा काळपट होतात आणि आतला भाग मुरंब्यासारखा मऊ होतो. द्राक्षांच्या दिवसांत शेवटच्या बारा मिनिटांसाठी मूठभर बिनबियांची हिरवी द्राक्षे ट्रेमध्ये टाकून पाहिली. ती सुरकुतली, दोन-चार फुटली, आणि त्यांचा आंबटगोड रस तळाच्या चरबीत मिसळून जी चटणीवजा गोष्ट तयार झाली ती आमच्या सासूबाईंनी बाजरीच्या भाकरीने पुसून खाल्ली. एरवी त्या या यंत्राला ‘तो डबा’ म्हणतात.

बोकडाच्या मटणाचा प्रयोग मात्र फसला. भद्रकालीतून आणलेल्या चापा तशाच भाजल्या आणि त्या चामड्यासारख्या झाल्या, कारण या मांसात चरबी कमी आणि तंतू चिवट असतात. ते मऊ व्हायला ओलावा आणि वेळ लागतो, कोरडी उष्णता नव्हे. आधी कुकरला तीन शिट्ट्या काढून मग पंधरा मिनिटे भाजले तर चापा चांगल्या होतात, पण मग ओव्हनचे श्रेय फार तर चार आणे.

यंत्रासोबत कोंबडी फिरवत भाजण्याचा दांडाही मिळाला. एक किलोची अख्खी कोंबडी त्यावर लावली, तेव्हा पंख सैल सुटून वरच्या सळीला घासू लागले आणि खालच्या सळ्यांवर चरबी ठिबकून वीस मिनिटांत स्वयंपाकघर धुराने भरले. कोंबडी दोऱ्याने घट्ट बांधणे आणि खाली ट्रे ठेवणे आवश्यक आहे, आणि पुस्तिकेत यांपैकी एकाचाही उल्लेख नाही. धूर पाहून समोरच्या वहिनी धावत आल्या होत्या.

विजेचा खर्च घाबरण्यासारखा नाही. तापवण्यासह सव्वा तास यंत्र सतत चालले असते तर २ युनिट लागले असते. सळ्या मधूनमधून बंद होत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी लागतात. साफसफाई मात्र कंटाळवाणी आहे. तळाच्या चुऱ्याच्या ट्रेला ॲल्युमिनियम फॉइल लावायचा मोह होतो, पण फॉइल सळीला टेकली किंवा तिने उष्णता अडवली तर यंत्र बिघडू शकते, म्हणून फॉइल फक्त भाजण्याच्या ट्रेमध्ये वापरावी आणि चुऱ्याचा ट्रे गार झाल्यावर प्रत्येक वेळी धुवावा. काचेच्या दाराच्या आतल्या कोपऱ्यांत बसलेला तेलकट थर सोड्याच्या लगद्याने निघतो, बिजागरीजवळचा अजून निघालेला नाही.

सात हजार आठशे रुपयांत, चौघांच्या घरासाठी, महिन्यातून तीन-चार वेळा असे जेवण करायचे असेल तर मी हा आकार पुन्हा घेईन. सहा माणसे असतील तर ४० लिटरच्या खाली पाहू नये, आणि तिथेही दुकानात मोजपट्टी घेऊन आधी ट्रे मोजावा. तो फिरता दांडा त्या दिवसापासून माळ्यावर आहे.