वायरलेस माउस, काही महिन्यांच्या वापरानंतर: कर्सर अडखळला की आधी डोंगलची जागा बघा

आधी माउसबद्दलचं मत सांगून टाकतो. हातात नीट बसतो, क्लिकचा आवाज दबका आहे, स्क्रोलचं चाक अजून सैल झालेलं नाही आणि एका डबल-ए सेलवर कित्येक महिने निघतात. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं जवळपास सगळं छोट्या यूएसबी डोंगलवर (संगणकाच्या पोर्टात खोचायचा, माउसचे संदेश पकडणारा तुकडा) चालणाऱ्या कुठल्याही माउसला लागू आहे. तक्रार एकच होती, पण अशी की तिच्यापायी लोक माउस परत करून मोकळे होतात. कर्सर चालता चालता अडखळायचा, कधी क्षणभर गोठायचा आणि मग एकदम उडी मारून भलत्याच कोपऱ्यात जायचा.

यावर शोधलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाका. साधा माउस विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो, त्यात परत टाकण्यासारखं फारसं काही नसतं. या सल्ल्याने कधीकधी बरं वाटतं, ते बहुधा मधल्या रीस्टार्टमुळे. त्यापेक्षा माउस नेमका कोणत्या वेळी रुसतो ते बघावं. माझ्याकडे ते लवकरच दिसून आलं. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप चालू असेल तेव्हाच कर्सर लडखडायचा, कॉपी संपली की माउस पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागायचा. डोंगल डिस्कच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये होता.

हा प्रकार नवीन नाही. इंटेलने २०१२ मध्येच यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. यूएसबी ३.० वरून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावतो आणि धावताना पोर्ट, केबल आणि डिस्कच्या कनेक्टरमधून रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. हा गोंगाट फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यात पसरलेला असतो आणि २.४ ते २.५ गिगाहर्ट्झचा भाग त्यात येतो. माउस बोलतो तो नेमका तिथेच. माउसचा ट्रान्समीटर सेल वाचवण्यासाठी आधीच हळू आवाजात बोलत असतो आणि डोंगलचा अँटेना नखाएवढ्या जागेत कोंबलेला असतो. कानाशी मिक्सर चालू असताना पलीकडच्या खोलीतली हाक ऐकू यावी, अशी आपली अपेक्षा असते. गोंगाट ठरावीक एका चॅनेलवर नसल्यामुळे डोंगलने चॅनेल बदलूनही फारसा उपयोग होत नाही. अंतर वाढवणं हाच खरा उपाय.

म्हणून मी एक मीटरभराची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घेतली आणि तिच्या टोकाला डोंगल लावून तो टेबलावर, माउसच्या जवळ ठेवला. त्यानंतर बॅकअप चालू असतानाही कर्सर अडखळलेला नाही. माउसला यूएसबी ३ चा वेग लागतच नाही, त्यामुळे २.० च्या पोर्टात किंवा केबलवर काहीच गमावत नाही. एक स्पष्टीकरण मात्र हवं: निळा, म्हणजे सहसा यूएसबी ३ चा, पोर्ट दिसला की लगेच घाबरू नका. त्रास पोर्टच्या रंगाचा नसून शेजारी वेगाने काम करणाऱ्या उपकरणाचा असतो. निळ्या पोर्टात एकटाच बसलेला डोंगल सहसा मजेत चालतो. केबल घ्यायची नसेल तर निदान डिस्क लॅपटॉपच्या एका बाजूला आणि डोंगल दुसऱ्या बाजूला, एवढं करून बघा.

डेस्कटॉपवाल्यांची अडचण थोडी वेगळी. डोंगल मागच्या पोर्टात असेल तर माउस आणि डोंगलच्या मधे अख्खं पत्र्याचं कॅबिनेट येतं, वर टेबलाचे पाय लोखंडी असले तर बघायलाच नको. पुढच्या पोर्टात लावून फरक पडतो का ते आधी पाहावं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे एका पोर्टातून अनेक पोर्ट काढून देणारा यूएसबी-सीचा छोटा हब: एचडीएमआय, डिस्क आणि डोंगल, तिघेही बोटभर अंतरात. अशा लॅपटॉपवर माउसला ब्लूटूथची सोय असेल तर तीच वापरावी असं माझं मत. पट्टा तोच २.४ चा, पण लॅपटॉपचा अँटेना हबपासून दूर असतो आणि ब्लूटूथ सतत चॅनेल बदलत, खराब चॅनेल टाळत चालतं.

वायफायवर मात्र लोक उगाच जास्त खापर फोडतात. राउटर टेबलावरच, डोंगलच्या शेजारी असेल तर तो हलवा किंवा संगणक ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर घ्या, एवढं पुरे. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात चालतो, पण त्याचा त्रास तो चालू असेपर्यंतच.

दुसरा दुखणेकरी प्रकार अगदी वेगळा दिसतो. काम चालू असताना काही होत नाही, पण थोडा वेळ उठून गेलात आणि परत आलात की माउस मेलेला. पहिल्या हालचालीला किंवा क्लिकला किंचित उशीर लागणं हे आजारपण नाही. सेल वाचवायला माउस झोपतो, तो जागा होतोय इतकंच. पण कितीही हलवला तरी उठत नसेल, आणि डोंगल काढून त्याच पोर्टात परत लावल्यावर लगेच चालू होत असेल, तर विंडोजने वीज वाचवायला तो पोर्टच झोपवलाय असा संशय घ्यावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’ उघडून पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधली, उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ आहे, तेही बंद करा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, तिथे दुसरा पोर्ट वापरून बघणं सोपं. बॅटरीवर लॅपटॉप थोडा कमी चालेल, पण माझ्या लेखी हा सौदा परवडतो.

सेलबद्दलही बोललं पाहिजे, कारण सेल उतरत आला की लक्षणं हुबेहूब रेडिओच्या बिघाडासारखी दिसतात. अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्ट देतो, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड १.२ च्या आसपास. काही माउसचं मोजमाप अल्कलाइनवर बेतलेलं असतं, त्यामुळे पूर्ण चार्ज केलेला सेल घातला तरी ‘बॅटरी कमी’ असा इशारा येतो. माउस मात्र व्यवस्थित चालतो. माउस उचलून खाली ठेवल्यावरच कनेक्शन जात असेल तर सेल हलतोय किंवा स्प्रिंगवर काट चढलाय. कोरड्या कापडाने टोकं पुसा आणि सेल किंचित फिरवून बसवा. माउस बरेच दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा, अल्कलाइनही गळतात आणि मग आतली पट्टी खाऊन टाकतात.

आणि एक प्रकार असा, ज्याचा कनेक्शनशी काही संबंधच नसतो. काचेच्या किंवा फार चकचकीत टेबलावर सेन्सरला धरायला खडबडीतपणा मिळत नाही, म्हणून कर्सर थरथरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. माउस हलवू नका, नुसतं क्लिक आणि स्क्रोल करत राहा. ते सगळे न चुकता पोचत असतील तर रेडिओ ठीक आहे, खाली साधा पॅड टाका. क्लिकही गळत असतील तर वरच्या गोष्टींकडे वळा. डोंगल कीबोर्डसोबत सामायिक असेल तर आणखी सोपं: टाइप करताना अक्षरंही गळत असतील तर माउस निर्दोष आहे.

निर्मात्यांवर माझा राग एवढाच की खोक्यावर ‘१० मीटर’ छापतात, ते मोकळ्या, शांत जागेतलं अंतर असतं. टेबलाखालच्या गर्दीत हातभर अंतरही कधी पुरत नाही. गेमिंगच्या बऱ्याच माउससोबत डोंगलसाठी केबल येते, साध्या माउसला तीच केबल द्यायला हात आखडतात. निदान माहितीपत्रकात डोंगल डिस्कपासून लांब लावा अशी एक ओळ तरी हवी होती. माझ्यासोबतच्या पत्रकात सेल कसा घालायचा याची मोठी चित्रं आहेत आणि या विषयावर एक शब्द नाही.

हाच माउस पुन्हा घेईन का? घेईन, एक्स्टेन्शन केबलसकट. घेण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा: डोंगल हरवला तर नवा जोडता येतो का. काही कंपन्या त्यासाठी सॉफ्टवेअर देतात, पण बऱ्याच स्वस्त माउसची जोडी कारखान्यातच बांधलेली असते, डोंगल गेला की माउसही गेला. प्रवासात डोंगल लॅपटॉपला तसाच ठेवू नका. सेलच्या झाकणाखाली त्याच्यासाठी खाच असते, तिथे बसवा.