वाहिन्यांचा लगाम कुणाच्या हातात? अमेरिका, ब्रिटन आणि आपण

चांद्रयान-२ चा संपर्क तुटला त्याच सुमारास, ६ सप्टेंबर २०१९ रोजी, ‘रिपब्लिक भारत’वर ‘पूछता है भारत’चा एक भाग प्रसारित झाला. त्यात पाकिस्तानी लोकांबद्दल जी भाषा वापरली गेली, ती द्वेष पसरवणारी आहे असं ठरवून ब्रिटनच्या ‘ऑफकॉम’ या प्रसारण नियामक संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या परवानाधारक कंपनीला २० हजार पौंड दंड केला. हाच भाग अमेरिकेत केबलवर लागला असता, तर तिथल्या एफसीसी या प्रसारण आयोगाला त्यात डोकं घालायचा अधिकारच नव्हता. आपल्याकडे नियम आहे, तोही ऐसपैस: धर्म किंवा समाजावर हल्ला नको, मित्रदेशांवर टीकासुद्धा नको. पण तो लावायचा की नाही, हे माहिती व प्रसारण मंत्रालय ठरवतं.

रात्रीच्या चर्चांना वैतागून ‘या वाहिन्यांना कुणीतरी आवरा’ म्हणणारे आपल्यात पुष्कळ. आवरायचं कुणी, हा प्रश्न आला की मात्र गप्प बसतात. त्यांच्यासाठी या तीन व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहू.

अमेरिका: शब्द मोकळे, परवाना आयोगाकडे

अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. अभिव्यक्तीवर गदा आणणारा कायदा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, करू नये, असं ती सरळ सांगते. मग रेडिओ-टीव्हीसाठी एफसीसी हा आयोग आला कसा? युक्तिवाद असा, की प्रसारणाच्या लहरी मोजक्या आहेत, सगळ्यांना पुरणार नाहीत, म्हणून ज्याला परवाना मिळतो त्याच्यावर थोडी बंधनं घालता येतात. १९६९ च्या ‘रेड लायन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं आणि ज्याच्यावर टीका झाली त्याला प्रसारणात उत्तराची संधी देणं योग्य ठरवलं. पाचच वर्षांनी, १९७४ मध्ये, वर्तमानपत्रावर तशीच सक्ती करणारा फ्लोरिडाचा कायदा त्याच न्यायालयाने रद्द केला. मजकूर तोच, पण कागदावर असेल तर एक न्याय, लहरींवर असेल तर दुसरा.

दोन्ही बाजू मांडायला लावणारा ‘फेअरनेस’चा नियम १९४९ पासून होता. तो आयोगाने १९८७ मध्ये स्वतःच गुंडाळला. आता तिथे एकतर्फी बोलायला कुणाची आडकाठी नाही. अश्लीलतेचं मात्र अजून वावडं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने भरदुपारी विनोदवीर जॉर्ज कार्लिनचं शिवराळ स्वगत लावलं, एका वडिलांनी तक्रार केली आणि १९७८ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी आयोगाची बाजू उचलून धरली. सकाळी ६ ते रात्री १० असभ्य मजकूर नको, हा नियम आजही चालतो. केबलला तो लागू नाही. २००४ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचं वक्ष क्षणभर उघडं पडलं म्हणून साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला, तो पुढे न्यायालयात टिकला नाही. थोडक्यात, बातमीतल्या सर्रास खोट्याला मुभा आणि क्षणभराच्या उघडेपणाला दंड, असा हा उफराटा कारभार.

इथपर्यंत हसण्यावारी नेता येतं. खरी गोम पुढे आहे. एफसीसीचे पाच सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि स्थानिक केंद्रांचे परवाने याच आयोगाकडे असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसी वाहिनीवरचे विनोदी निवेदक जिमी किमेल यांच्या एका विधानावरून आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीर इशारा दिला. एबीसीने त्याच दिवशी कार्यक्रम थांबवला आणि आठवडाभरात पुन्हा सुरू केला. आदेश निघालाच नाही, मग न्यायालयात आव्हान द्यायचं कशाला? कायद्याने सेन्सॉरशिपला बंदी असलेल्या देशात हे घडलं, हे विसरू नये.

ब्रिटन: नियम जाड, कारणं लेखी

ऑफकॉम २००३ च्या कायद्यावर उभी आहे. बातम्यांत निःपक्षपातीपणा बंधनकारक, रात्री ९ पूर्वी मुलांना न शोभणारं काही नको, टीव्हीवर राजकीय जाहिरातींना पूर्ण बंदी. ही बंदी २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात ९ विरुद्ध ८ अशी जेमतेम टिकली. अमेरिकन माणूस हे वाचून हबकेल.

मला मात्र या व्यवस्थेतली एक गोष्ट मनापासून आवडते. राजपुत्र हॅरी यांच्या पत्नी मेगन मार्कल यांच्या मुलाखतीवर आयटीव्ही वाहिनीचे निवेदक पिअर्स मॉर्गन जे बोलले, त्यावर ५० हजारांहून जास्त तक्रारी आल्या. ऑफकॉमने सप्टेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला तो वाहिनीच्या बाजूने, आणि का ते सविस्तर छापलं. तक्रारींच्या ढिगाला भीक घातली नाही. उलट, ‘जीबी न्यूज’ या वृत्तवाहिनीवर राजकारण्यांनी सूत्रसंचालन करण्याच्या वादात फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ऑफकॉमचेच निर्णय रद्द केले. लेखी कारण असेल तरच ते खोडता येतं.

उणिवाही आहेत. पहिली दिरंगाई: वर सांगितलेल्या दंडाला सव्वा वर्ष लागलं. दुसरी, परवाना काढून घेण्याचं हत्यार तिथेही आहे; चीनच्या सीजीटीएन वाहिनीवर ते २०२१ मध्ये आणि रशियाच्या आरटी वाहिनीवर २०२२ मध्ये चाललं. ऑफकॉमच्या अध्यक्षांची नेमणूकही शेवटी मंत्रीच करतात, फक्त आधी संसदीय समितीपुढे त्यांची झाडाझडती होते.

भारत: निकाल चांगला, अंमल नाही

पहिली दुरुस्ती आपल्याकडेही झाली, १९५१ मध्ये, पण तिने निर्बंधांची कारणं वाढवली. वर्तमानपत्रांना तरी न्यायालयाने जपलं. पानांच्या संख्येवरून किंमत ठरवणारा कायदा १९६२ मध्ये ‘सकाळ’च्याच खटल्यात रद्द झाला. प्रसारणाचं घोडं मात्र पेंड खातं. हीरो कप क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभा राहिलेला खटला १९९५ मध्ये निकाली निघाला. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितलं, की लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. त्यांचं नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक संस्थेकडे द्या. खासगी वाहिन्यांसाठी ती संस्था अजून झालेली नाही. त्याच वर्षीच्या केबल टीव्ही कायद्याने सूत्रं केंद्राच्या हाती राहिली.

परिणाम दिसतो. पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून २०१६ मध्ये ‘एनडीटीव्ही इंडिया’ला एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश निघाला, ओरड झाल्यावर स्थगित झाला. जानेवारी २०२२ मध्ये केरळच्या ‘मीडिया वन’चं प्रसारण सुरक्षेचं कारण देऊन बंद पाडलं, ते कारण वाहिनीला सांगितलंच नाही, न्यायाधीशांना बंद लिफाफ्यात दिलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. अंतिम निकालाला चौदा महिने लागले. खासगी एफएमला तर स्वतःच्या बातम्या देण्याचीच परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावा.

दुसऱ्या टोकाला वाहिन्यांची स्वनियमन संस्था, एनबीडीएसए. २०२३ मध्ये तिचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. मोठ्या वाहिनीला तो चहापाण्याचा खर्च, आणि जी वाहिनी संघटनेची सदस्यच नाही तिला तोही नाही.

मग मागायचं काय?

सरकारचा हात नकोच, अशी तुमची मुख्य काळजी असेल तर अमेरिकेकडे बघा. पण तिथला कडवट एकतर्फीपणा आणि न लिहिलेल्या धमक्या गृहीत धरा. बातमीत द्वेष आणि थापा कमी व्हाव्यात असं वाटत असेल तर ब्रिटनची वाट, मात्र धीर हवा आणि आपला आवडता निवेदकही त्यात सापडेल याची तयारी हवी. ‘सरकार चांगलं असेल तर मंत्रालयाकडे अधिकार असायला काय हरकत आहे’ असं मनात येत असेल, तर ज्या पक्षाला तुम्ही कधीच मत देणार नाही तो सत्तेवर आहे असं समजून पुन्हा विचार करा.

माझं मत ब्रिटनच्या बाजूने, एका अटीवर: परवाना रद्द करण्याचा अधिकार संस्थेकडे नको, न्यायालयाकडे हवा. २०२३ च्या आपल्या प्रसारण विधेयकाच्या मसुद्यात सल्लागार परिषद होती, पण तिने शिफारस करायची आणि निर्णय केंद्राने घ्यायचा. पुढचा मसुदा येईल तेव्हा उद्देशाचा परिच्छेद सोडून आधी हेच कलम उघडा.