मार्केट यार्डामागचं मोटर रिवायंडिंगचं दुकान : बिल्डिंग सांभाळणाऱ्यांनी वाचाच

मी सांगलीत शंभर फुटी रोडच्या आत, शामरावनगरच्या बाजूला एका अपार्टमेंटचा मॅनेजर आहे, 2017 पासून. चोवीस फ्लॅट, चार मजले, खाली पार्किंग आणि पार्किंगच्या कोपऱ्यात पंपरूम. लिफ्ट बंद पडली तर लोक कुरकुर करत का होईना जिना चढतात, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण नळाचं पाणी गेलं की पाच मिनिटात माझा फोन तापतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी डोक्याला मेंदी थापून बसलेल्या असतात, चौथ्या मजल्यावरचे रिटायर गुरुजी अंगाला साबण लावून बाथरूममधनंच फोन करतात, आणि गुरुजी तशातही आधी "नमस्कार, बोलू का?" असं विचारतात. माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरतात, आमच्यात शंभर माणसं, म्हणजे झालं साडेतेरा हजार लिटर, आणि गच्चीवरची टाकी आहे पंधरा हजारांची. मोटर बसली की हातात जेमतेम एक दिवस. त्यामुळं चांगला मोटरवाला मिस्त्री कुठं आहे हे मला माहीत असायलाच लागतं, आणि तो सापडायला मला वर्ष गेलं म्हणून हे लिहितोय.

दुकान मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आहे. बोर्ड नाही, पत्र्याच्या दारावर ऑइलपेंटनं नुसतं मोटर रिवायंडिंग लिहिलंय. लांबनंच व्हार्निशचा वास येतो.

पहिल्या वर्षी आमची तीन एचपीची थ्री फेज मोटर, म्हणजे विजेच्या तीन लाइनींवर (फेजवर) चालणारी, तीनदा जळली. आधी जिथं द्यायचो तिथं पहिल्या दोन्ही वेळेला वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून मिळाली, पैसे घेतले आणि सांगितलं व्होल्टेजमुळं होतंय. तिसऱ्यांदा जळली ती 2018 च्या मे महिन्यात, आणि नेमकी तिसऱ्या मजल्यावर हळद होती त्या दिवशी. तासगावचे तीस-पस्तीस पाहुणे, गच्चीवर मांडव, नवरदेवापासून वरातीतल्या पोरांपर्यंत सगळे पिवळेधमक, आणि टाकीत खडखडाट, कारण सकाळपासून सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या. लोक बादल्या घेऊन जिन्यानं खाली हौदाकडं यायला लागले, जिन्याच्या भिंतीला पिवळे पंजे उमटले ते दिवाळीच्या रंगकामापर्यंत तसेच होते. सेक्रेटरी म्हणाले तीन कोटेशन घेतल्याशिवाय खर्च मंजूर होत नाही. तेवढ्यात नवरदेवाची आजी खाली आली आणि म्हणाली, "पोराला आंघोळ कशानं घालू, कोटेशननं?" सेक्रेटरींनी तिथंच मान हलवली.

मोटर उतरवली, रिक्षात घातली, बरोबर नवरदेवाचे मामा, दोन्ही गालाला हळद. त्यांच्याच ओळखीनं या दुकानात गेलो, तासगावकडच्या शेतकऱ्यांच्या बोअरच्या मोटरी इथंच येतात म्हणे. मिस्त्री साठीचे असतील, स्टुलावर बसून तारेचे वेढे घालत होते. त्यांनी मामांच्या तोंडाकडं बघितलं, मग मोटरीकडं, आणि विचारलं, "हळद उतरायची कवा हाय?" मामा म्हणाले आत्ता. तर मिस्त्रींनी कोपऱ्यातली एक जुनी तीन एचपीची मोटर पुढं सरकवली. "ही घिऊन जावा, पोराला पाठवतो जोडायला. लगीन होऊ द्या, मग निवांत या." डिपॉझिट नाही, नाव-गाव नाही, मामांच्या गालावरची हळद बघून मोटर दिली माणसानं. दीड तासात पाणी चढलं. मी आयुष्यात पुष्कळ मेकॅनिक बघितले, असा नाही बघितला.

पण माझ्या लेखी यांचं खरं काम त्याच्या पुढं आहे. लग्नानंतर गेलो तर आमची मोटर उघडून ठेवलेली, वाइंडिंगला हात लावला नव्हता. मला जवळ बोलावलं, टॉर्च मारला आणि म्हणाले बघा. आत कॉइलचे गट असतात, त्यातले दोन फेजचे गट कोळशासारखे काळे, हाताला भुगा येत होता, आणि मधेमधे तिसऱ्या फेजचे गट तांबूस, कोरे, जसेच्या तसे. "सगळं सारखं काळं असतं तर म्हणलो असतो लोड झालाय. दोन काळं, एक कोरं, म्हंजी एक फेज येतच न्हवता. राहिलेल्या दोघांनी वडून वडून जीव दिला. मी आज भरून दिली तर तुमी चार महिन्यानं परत येणार की वो." आणि मग संध्याकाळी स्वतः स्कूटरवर बिल्डिंगला आले. पॅनल उघडलं तर एका फ्यूजच्या बुडातला स्क्रू ढिला, भोवती प्लास्टिक वितळलेलं, आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट आला की मोटर बंद करणारा स्विच, कुणीतरी वायरचा तुकडा टाकून बायपास केलेला, मोटर सारखी ट्रिप होते म्हणून. म्हणजे मोटरला वाचवणारी गोष्टच काढून टाकलेली. फ्यूज बदलला, रिले पुन्हा लाइनीत घेतला, सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला, एक फेज गेला की मोटर आपोआप बंद. वाइंडिंगचे तेव्हा साडेतीन हजार आणि पॅनलच्या कामाचे वेगळे. आज इतकी वर्षं झाली, बेअरिंग आणि सील बदललंय पण वाइंडिंग एकदाही गेलं नाही.

अजून एक, जळलेली जुनी तांब्याची तार ते पिशवीत घालून परत देतात. भंगारात तांब्याला चांगले पैसे येतात, दुसरीकडं ती कधी माझ्या हातात आली नव्हती, आणि मलाही मागायचं सुचलं नव्हतं. आम्ही ते पैसे मेंटेनन्सच्या खात्यात भरतो.

2019 च्या ऑगस्टचं तर सांगायलाच पाहिजे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. आमची पंपरूम छतापर्यंत पाण्यात. पूर ओसरल्यावर लोक घरी आले, घराघरात चिखल, धुवायला पाणी पाहिजे, आणि सगळे मला म्हणायला लागले एकदा बटण दाबून तर बघ, चालू झाली तर झाली. मी मिस्त्रींना फोन लावला, त्यांनी एवढंच विचारलं, "चालू करून बगितली का?" म्हटलं नाही. "मग वाचली. आना." ओल्या वाइंडिंगला करंट दिला की तिथंच शॉर्ट होतं हे मला तेव्हा कळलं. दुकानाबाहेर शंभरएक मोटरी ओळीनं, प्रत्येकीवर खडूनं नंबर आणि गाव. त्यांनी आधी पिण्याच्या पाण्याच्या मोटरी घेतल्या, शेतीच्या नंतर, आणि शेतकऱ्यांनी पण कुणी तक्रार केली नाही. मोटर उघडून गाळ स्वच्छ पाण्यानं धुतला, बल्ब लावून दोन दिवस वाळवली, मेगर नावाचं मीटर लावून तारेवरचं इन्सुलेशन तपासलं, व्हार्निश दिलं, बेअरिंग नवं घातलं. वाइंडिंग करायलाच लागलं नाही आणि त्याचे पैसेही लावले नाहीत. त्या दिवसात काय वाटेल ते मागितलं असतं तरी लोकांनी दिलं असतं.

आता जे आवडत नाही ते पण लिहितो. एप्रिल-मे मध्ये शेतीच्या मोटरींची एवढी गर्दी असते की तीन-चार दिवस लागतात, तेव्हा आधी फोन करा, पण वेढे मोजताना ते फोन उचलत नाहीत, आकडा चुकला तर सगळी कॉइल परत काढायला लागते, म्हणून दुपारी जेवणाच्या वेळेलाच लावा. बिल साध्या पॅडवर देतात, आमच्या खजिनदारांना ऑडिटला ते चालत नाही, तर काम टाकतानाच पक्कं बिल पाहिजे म्हणून सांगून ठेवा, मग देतात. सकाळी हळदीच्या सौद्यांच्या वेळेला तिकडं जाऊ नका, पोत्यांच्या टेम्पोमधनं रिक्षा पुढं सरकत नाही. आणि जाताना मोटरच्या नेमप्लेटचा आणि पॅनल उघडून आतला असे दोन फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, ते पहिल्यांदा तेच मागतात.